बोटीवर कोणते जोडे न्यावेत?



आत येण्यापूर्वी आम्ही दाराबाहेर दोन मिनिटं थांबलो होतो. आपल्या सगळ्यांचे जोडे तिथे ओळीने पडलेले आहेत. ओळीने म्हणजे सुरुवातीला ओळीने, मग पावसाने घाई केली तसे एकावर एक. कोल्हापुरी दोन-तीनच दिसल्या. बाकी सगळे रबराचे, फोमचे, पट्ट्यांचे, नाड्यांचे, मुलांचे रंगीत. व्याख्यान संपल्यावर प्रत्येक जण आपलाच जोड अचूक शोधून काढेल याबद्दल आम्हाला शंका नाही. श्रवण कितीही झालं तरी माणसाचं एक लक्ष वहाणांकडे असतंच, आणि त्यात काही वावगं आहे असं आम्हाला वाटत नाही.

आजचा विषय ऐकून संयोजक थोडे बुचकळ्यात पडले होते. शिवथरला बोलवायचं, समोर समर्थांची घळ, आणि हा म्हातारा म्हणतो जोड्यांवर बोलतो! त्याचं कारण घरगुती आहे. आमच्या मुलाने आणि सुनेने यंदा आमच्यासाठी समुद्रपर्यटनाचा बेत केला आहे. मुंबईहून निघायचं, गोवा, मग पुढे लक्षद्वीप, असे चार-पाच दिवस बोटीवर. ज्याला आता सगळे ‘क्रूझ’ म्हणतात. सूनबाईंनी विचारलं, “बाबा, सामान कमी ठेवायचंय. असा एकच जोड घेऊ या, की डेकवर चालेल, जेवणाच्या हॉलमध्ये चालेल, वाळूतही चालेल आणि तुमच्या गुडघ्यालाही चालेल. कोणता घेऊ?” आम्ही म्हटलं, सांगतो. आणि मग पंधरा दिवस त्या प्रश्नातून बाहेरच पडता येईना. ‘एकच जोड सगळीकडे चालेल’ हे वाक्य बोलायला किती सोपं झालंय! या दरीत, या खाडीवर, शंभर वर्षांपूर्वी कोणी ते इतक्या सहज बोलू शकलं असतं का? कोणाला बोलता आलं असतं आणि कोणाला नाही? आजचं व्याख्यान एवढ्यावरच आहे.

आधी बोटीचं सांगतो. आज महाड म्हटलं की आपल्याला महामार्ग आठवतो. पण महाड हे बंदर होतं. सावित्री बाणकोटला समुद्राला मिळते, आणि भरतीचं पाणी आत दासगावच्याही वर, महाडापर्यंत येतं. घाटावरचा माल वरंध्याने किंवा पारघाटाने उतरायचा आणि महाडला गलबतांत चढायचा. पुढे आगबोटी आल्या. मुंबईहून दिघी, श्रीवर्धन, बाणकोट, हर्णै, दाभोळ करत त्या खाली वेंगुर्ल्यापर्यंत जात. पावसाळ्यात बंद, गणपतीनंतर कधीतरी सुरू. बहुतेक ठिकाणी धक्का नव्हताच. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची. पडाव यायचा, त्यात उतरायचं, आणि पडावही वाळूपर्यंत पोचायचा नाही, म्हणून शेवटचे वीस-पंचवीस हात गुडघाभर पाण्यातून.

आमच्या लहानपणी एस.टी. सुरू झाली होती. पण आईला मोटार लागायची, म्हणून मे महिन्यात आम्ही बोटीने गावी यायचो. बोटही तिला लागायचीच, ते ती कबूल करायची नाही, इतकंच. बोटीवर चढल्याबरोबर ती आम्हा भावंडांचे जोडे काढून घ्यायची, पंचात गुंडाळायची आणि पिशवीच्या तळाशी ठेवायची. डेकवर अनवाणी. पाटी गरम असली की एका पायावर नाचायचं. त्या डेकवर पाणी, माशांच्या टोपल्यांचा ओघळ, कोणाला बोट लागली असेल तर तेही. चामड्याच्या तळव्याचा माणूस त्यावर हमखास घसरायचा. वडील मुंबईत कारकून, त्यांच्या पायात पॉलिश केलेले बूट. ते काढायला तयार नसत, आणि प्रत्येक वेळी उतरताना त्यांचीच सगळ्यात जास्त फजिती व्हायची. पडावात एक पाय, बोटीच्या शिडीवर एक पाय, हातात ट्रंक, आणि बूट ओले होऊ नयेत म्हणून चाललेली धडपड. ज्यांच्या पायात काहीच नसायचं ती माणसं टुणकन उडी मारून सगळ्यांच्या आधी किनाऱ्यावर. बोटीवरचा एक म्हातारा तांडेल वडिलांना म्हणायचा, “मास्तर, पाण्यावरचा जोडा एका झटक्यात पायातून निघाया हवा.” वडील मास्तर नव्हते, पण बूट घालणारा प्रत्येक जण त्याच्या लेखी मास्तरच.

त्याच्या त्या सांगण्यामागे काय होतं ते आम्हाला पुढे कळलं. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली बोट भर पावसात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यातली कितीतरी याच जिल्ह्यातली, मुंबईत कामाला असलेली, आषाढ अमावास्येच्या तोंडावर घरी निघालेली. त्या बोटीचं नाव होतं ‘रामदास’. इथे, या घळीच्या पायथ्याशी ते नाव घेताना आम्हाला अजूनही अडखळायला होतं. जुन्या बोटींच्या आठवणी काढून हळवं व्हायची आमच्या पिढीला खोड आहे. त्या खोडीला आमच्यापुरता लगाम म्हणून आम्ही ही तारीख लक्षात ठेवली आहे.

बोटीवर पाय न घसरणारा जोडा हवा ही गोष्ट जगालाही उशिराच सुचली. अमेरिकेत पॉल स्पेरी नावाचा एक नावाडी वृत्तीचा गृहस्थ स्वतः डेकवर घसरला. मग त्याने आपला कुत्रा बर्फावर न घसरता कसा पळतो ते पाहिलं, त्याच्या पंजावरच्या बारीक चिरा पाहिल्या, आणि तशाच चिरा रबराच्या तळव्यात पाडल्या. हे १९३५ चं. आज कुठल्याही दुकानात ‘डेक शू’ म्हणून जे मिळतं, त्याचा तळवा उलटा करून पाहा, त्या चिरा दिसतील. म्हणजे उत्तर कुत्र्याच्या पायाखाली हजारो वर्षं होतंच. माणसाने खाली वाकून पाहिलं नव्हतं.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. आपल्याकडे जोड्याबद्दल फार विचार झालेला आहे. पण तो बहुतेक सगळा ‘पायाला बरं वाटेल का’ याबद्दल नाही. तो ‘कोणी, कुठे, कोणासमोर’ याबद्दल आहे. आपली भाषाच बघा. पादुका सिंहासनावर ठेवायच्या, भरताने ठेवल्या. वहाणा उंबऱ्याबाहेर ठेवायच्या. दोन्ही पायांतल्याच. समर्थांच्या पादुका सज्जनगडावरून भिक्षेला गावोगाव फिरतात. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका पालखीत बसून पंढरपूरला जातात, आणि त्यांच्याबरोबर चालणाऱ्यांतले कित्येक अनवाणी असतात. पायातली वहाण पायातच बरी, ही म्हण तर आपण दुसऱ्या माणसाबद्दल वापरतो, वहाणेबद्दल वापरतच नाही. जोडे पुसणे, जोडे उचलणे, जोड्यापाशी उभे करणे. मराठीत जोडा हा पायात कमी आणि माणसामाणसांच्या मधे जास्त आहे.

आमच्या आजोबांकडे वर्षातून एकदा वहाणा शिवणारा यायचा. त्याचं नाव आम्हाला माहीत होतं, पण इथे घेत नाही, त्याची नातवंडं आज चांगल्या ठिकाणी आहेत. तो येताना स्वतःच्या वहाणा कुंपणाबाहेर काढायचा. आजोबा अंगणात पाऊल टेकवायचे, आणि तो काडीने पावलाच्या दोन्ही बाजूंना मातीत रेघ ओढायचा. मग काडी मोडून लांबीचं माप घ्यायचा. पायाला हात लागायचा नाही. आजोबा पाऊल उचलायचे, आणि मग तो वाकून मातीतल्या त्या ठशावर बोट फिरवायचा, कुठे उंचवटा आहे, कुठे अंगठा तिरपा आहे. पंधरा दिवसांनी वहाणा यायच्या. त्याने त्या खाली ठेवायच्या, आजीने वरून पाणी शिंपडायचं, आणि मग त्या घरच्या. इतक्या बेताच्या बसायच्या की काय सांगावं! आम्ही तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. आम्ही आजोबांना विचारलं, “त्यानं शिवलेलं पायात चालतं, मग त्याचा हात पायाला का चालत नाही?” आजोबा वाईट माणूस नव्हते. त्यांनी उत्तर दिलं नाही. आम्ही पुढे तत्त्वज्ञानात एम.ए. केलं, डॉक्टरेट केली, छत्तीस वर्षं शिकवलं. त्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला कुठल्याही दर्शनात सापडलेलं नाही, आणि ते आमच्याच घरच्या अंगणात घडत होतं ही गोष्ट आम्ही व्याख्यानांतून पन्नास वर्षं सांगितली नाही. आज सांगतो आहोत.

त्या वहाणेमागची साखळी लक्षात घ्या. मेलेलं जनावर ओढून नेणारा एक. कातडं कमावणारा दुसरा, हिरडा नि बाभळीची साल घालून आठवडेच्या आठवडे त्या कुंडात हात घालणारा. शिवणारा तिसरा. तिघांचेही हात विटाळलेले आणि त्यांच्या हातून तयार झालेली वस्तू मात्र चौथ्याच्या पायात शुद्ध. आणि या तिघांपैकी कोणी ती वस्तू स्वतःच्या पायात घालून गावच्या मधल्या आळीतून गेला, तर तो उद्दामपणा. ती काढून हातात घ्यायची, आळी संपली की पुन्हा घालायची. स्त्रियांचं आणखी निराळं. पांढरपेशा घरातल्या बायका एकोणिसाव्या शतकात जोडे आणि छत्री घेऊन बाहेर पडू लागल्या, तेव्हा पुण्या-मुंबईत त्यांची हुर्यो उडवणारे लोक होते. ऊन काय फक्त पुरुषांच्या तळपायाला लागतं?

आणि राज्यकर्ते? तेही यातच मुरले. इंग्रज साहेबासमोर जाताना एतद्देशीयाने जोडे काढायचे, हा रिवाज. मग इंग्रजी शिकलेले लोक विलायती बूट घालू लागले, आणि पंचाईत झाली, कारण विलायतेत बूट काढणं हा अपमान नि टोपी काढणं हा मान. १८५४ मध्ये सरकारने बंगालपुरता ठराव केला की विलायती बूट घालून येणाऱ्या नेटिव गृहस्थांना सरकारी प्रसंगी ते काढायची गरज नाही. पुढे तीच रीत इतरत्र पसरली. देशी जोडा मात्र काढायचाच. म्हणजे एकाच दारातून दोघे आत शिरतात, एकाच्या पायात चढाव, दुसऱ्याच्या पायात बूट. एक अनवाणी आत जातो, दुसरा तसाच आत जातो. त्या काळात ‘सगळीकडे चालणारा एकच जोड’ असा खरोखर कुठला असेल, तर तो हा बूट. बाबासाहेबांचा सूटबूट पाहून ‘साहेबी थाट’ म्हणणारे लोक आम्ही खूप ऐकले आहेत, आमच्या प्राध्यापकांच्या खोलीतसुद्धा. त्यांनी ही दाराची गोष्ट लक्षात घेतली नव्हती.

आता आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, त्यामुळे ग्रंथांत डोकावल्याशिवाय आमचं भागत नाही. दोन ग्रंथ समोरासमोर ठेवतो.

मनुस्मृतीत ब्रह्मचाऱ्याला जोडा आणि छत्री वर्ज्य आहे, दुसऱ्या अध्यायात. चौथ्या अध्यायात स्नातकासाठी सांगितलंय की दुसऱ्याने वापरलेला जोडा, वस्त्र, दागिना, माळ वापरू नये. कोणी म्हणेल, आरोग्याच्या दृष्टीने बरोबरच आहे. आहेच. आमचा त्याला आक्षेप नाही. पण त्याच ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात सेवा करणाऱ्या शूद्राला काय द्यावं ते आहे: उष्टं अन्न आणि जीर्ण वस्त्रं. म्हणजे वापरलेलं अंगावर घालू नये हा नियम माणसाच्या कातडीसाठी नाही, माणसाच्या पायरीसाठी आहे. पाऊल कुठल्या जमिनीवर पडतं याचा तिथे विचारच नाही.

दुसरा ग्रंथ विनयपिटक. त्यातल्या महावग्गात एक अख्खा भाग चामड्यावर आहे, आणि त्यातला बराचसा वहाणांवर. आमच्या विद्यार्थ्यांना हे सांगितलं की ते हसायचे. अनात्मवाद शिकवता शिकवता सर चपलांवर आले! पण गोष्ट ऐका. सोण कोळिविस नावाचा एका मोठ्या धनिकाचा मुलगा, इतका लाडात वाढलेला की त्याच्या तळपायांना केस होते असं सांगतात. तो भिक्षू झाला आणि चालत चालत ध्यान करू लागला. इतका चालला की तळवे फुटले, वाट रक्ताने भरली. बुद्ध तिथे आले, त्यांनी ती वाट पाहिली. वीणेच्या तारेची प्रसिद्ध उपमा ते इथेच देतात, तार फार ताणू नये नि फार सैल सोडू नये. ती उपमा सगळ्यांना पाठ असते. पुढचं कोणी वाचत नाही. पुढे बुद्ध त्याला म्हणतात, तू सुकुमार आहेस, तुला एकपदरी वहाणांची मुभा देतो. सोण काय म्हणतो? म्हणतो, मी एवढी संपत्ती सोडून आलो, आता एकट्याने ही सवलत घेतली तर लोक काय म्हणतील? सगळ्या संघाला देणार असाल तर मी घेतो, नाहीतर नको. आणि बुद्ध सगळ्या संघाला मुभा देतात.

पुढे तर मौजच आहे. अनेकपदरी, जाड वहाणा नव्या नकोत, पण दुसऱ्याने वापरून टाकलेल्या असतील तर चालतील. मनूने जे नको म्हटलं नेमकं तेच. लाकडी खडावा नकोत, कारण काही भिक्षू पहाटे उठून त्या खटखट वाजवत गप्पा मारत फिरत, इतरांचं ध्यान मोडे, आणि पायाखाली किडेमुंग्या चिरडत. आणि अवंतीकडून दुसरा एक सोण, सोण कुटिकण्ण, येतो. त्याच्या गुरूचा निरोप असतो की आमच्याकडची जमीन काळी, टणक, गुरांच्या खुरांनी उंचसखल झालेली आहे, तिथे पातळ वहाण पुरत नाही. बुद्ध म्हणतात, ठीक, सीमेकडच्या प्रदेशात जाड वहाणा चालतील.

हा विचार करण्याचा प्रकार बघा. पाय कसा आहे, जमीन कशी आहे, आवाज होतो का, खाली कोण चिरडतं, शेजाऱ्याला त्रास होतो का. यातला एकही प्रश्न ‘तू कोण’ असा नाही. सूनबाईंनी विचारलेला प्रश्न आणि हा प्रश्न एकाच जातीचा आहे. क्षमा करा, ‘जातीचा’ हा शब्द आमच्या तोंडी बसलेला आहे.

सीमेपलीकडे कल्याणला, बाराव्या शतकात, बसवेश्वरांच्या भोवतीही एक जोड्याची कथा आहे. हरळय्या नावाच्या चर्मकाराने आणि त्याच्या पत्नीने आपल्या मांडीचं कातडं काढून बसवण्णांसाठी जोडे केले, आणि बसवण्णांनी ते पायात न घालता डोक्यावर धरले. आख्यायिका आहे, इतिहास म्हणून आम्ही ती सांगत नाही. पण ज्यांच्या मनात ही कथा जन्मली त्यांना जोड्याचा अर्थ पुरता कळलेला होता. आज कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे, २०१९ पासून. गेल्या वर्षी म्हणजे २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तसल्याच चपला दाखवल्या नि आपल्याकडे संताप उसळला. संताप योग्यच होता. फक्त आम्हाला राहून राहून वाटत होतं की शिवणाऱ्याचं नाव न घेता वहाण मिरवण्याची कला मिलानने आपल्याकडून शिकायला हवी, आपल्याला त्यात कोण हरवणार!

तर आता दासगाव.

मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं गेलं ते आपल्याला माहीत आहे. तेव्हा सभेला आलेले लोक आजूबाजूच्या खेड्यांतून पायी आले होते, भाकऱ्या बांधून. याच वाटांनी, पोलादपूर, बिरवाडी, वरंध्याकडून. आणि त्या सभेत बाबासाहेबांनी जे सांगितलं त्यात मेलेल्या जनावराचं मांस सोडा, ही लाचारी सोडा, शेतीकडे वळा, हा भाग होता. म्हणजे वहाणेच्या साखळीची पहिलीच कडी तोडायला सांगितली. त्यानंतर डिसेंबरची परिषद. मुंबईहून माणसं कशी आणायची हा प्रश्न होता. नेहमीची वाट म्हणजे धरमतरपर्यंत पाण्याने आणि पुढे मोटारीने. पण विरोधकांनी मोटारवाल्यांना आधीच गाठलेलं. मग ठरलं, बोटीनेच जायचं, बाणकोटच्या खाडीतून थेट. २४ डिसेंबरला बाबासाहेब आणि दोनेकशे प्रतिनिधी ‘पद्मावती’ बोटीने निघाले. दुसऱ्या दिवशी दुपारी दासगावला उतरले. रा. बा. मोरे यांचं हे गाव. धक्क्यावर हजारो माणसं वाट पाहत होती. आणि तिथून महाडपर्यंत पाच मैल सगळे रांगा करून चालत गेले.

आम्ही ते पाच मैल चाललो आहोत. दोन वेळा, एकदा तिशीत आणि एकदा साठीत. आता तिथे ट्रकची धूळ आहे, महामार्गाचं काम कधी संपतं नि पुन्हा सुरू होतं. तरी खाडी बाजूने दिसत राहते. चालताना आमच्या मनात येत होतं, या मिरवणुकीत आपापल्या गावी वहाणा हातात घेऊन चालणारी माणसं होती. त्या दिवशी त्या रस्त्यावर, भर दुपारी, महाडात शिरेपर्यंत, ‘काढ’ म्हणणारं त्यांच्यासमोर कोणी उभं राहिलं नाही. उतरल्यावर लगेच मोटार मिळाली असती तर हे पाच मैल इतिहासात आलेच नसते. मोटारवाल्यांचे त्याबद्दल आभार मानावेत की काय, असं आमचा एक मित्र म्हणायचा. त्याच दिवशी, २५ डिसेंबरला, फत्तेखान यांच्या जागेत उभारलेल्या मंडपात मनुस्मृती जाळली. जोड्याचे ते दोन-तीन नियमही तिच्याबरोबर गेले. पुढच्या दिवसांत बाबासाहेब स्त्रियांशीही बोलले, लुगडं घोट्यापर्यंत नेसा, पायातले-हातातले ते जड कथलाचे दागिने टाका, म्हणून. पायांत काय असावं नि काय नसावं हा प्रश्न त्यांनी क्षुद्र मानला नाही.

या चळवळीत बहिष्कृत हितकारिणी सभेचे चिटणीस होते सीताराम नामदेव शिवतरकर. चर्मकार समाजातले, पेशाने शिक्षक. आडनाव ऐकून इथे कोणाचे कान टवकारले तर नवल नाही. आडनावातलं शिवतर म्हणजे हेच शिवथर, असा आमचा दावा नाही. खेड तालुक्यातही शिवतर आहे. आणि त्यांच्या आधी एक पिढी, महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर. पलटणीतून निवृत्त झालेले. १८८८ मध्ये त्यांचं ‘विटाळ विध्वंसन’ निघालं. पलटणीचा माणूस म्हणजे बुटाचा माणूस. सरकारी बूट घालून कवायत केलेल्या पायांना गावात येऊन वहाण काढायची सवय पुन्हा कशी लागणार? लष्करातली महारांची भरती बंद झाली त्याचा राग किती खोल होता हे समजायचं असेल तर आम्ही म्हणू, पगाराबरोबर त्या बुटाचाही विचार करा.

पुढचं काम रबराने केलं. हवाई चप्पल आली, टायरच्या वहाणा आल्या, कॅनव्हास आलं. त्यामागे मेलेलं जनावर नव्हतं, कुंड नव्हतं, काडीने घेतलेलं माप नव्हतं. नंबर सांगायचा, पैसे द्यायचे. विटाळाला चिकटायला जागाच उरली नाही. आणि त्याच वेळी आमच्या अंगणातल्या त्या मातीतल्या ठशावर बोट फिरवणाऱ्या माणसाचा धंदाही बसला. त्याच्या मुलाने धंदा सोडला नि गिरणीत गेला. त्याला वाईट वाटलं असेल का? आम्ही त्याला एकदा मुंबईत भेटलो तेव्हा विचारलं होतं. तो हसला नि म्हणाला, “तुमच्या आज्याचं पाऊल मला अजून पाठ हाय, पर ते इसरलो असतो तर बरं झालं असतं.”

बरं. सूनबाईंना काय सांगितलं ते ऐकायला काही मंडळी थांबली असतील. मागच्या बाकावर तर वहीसुद्धा दिसते आहे.

पहिलं, कोल्हापुरी बोटीवर न्यायची नाही. आमचं तिच्यावर प्रेम आहे. पण झाडपाल्याने कमावलेलं कातडं खारं पाणी पितं, फुगतं, मग वाळून आखडतं, आणि गुळगुळीत तळवा ओल्या डेकवर साबणासारखा होतो. आम्ही दोन वर्षांपूर्वी इथेच, या घळीच्या पायऱ्यांवर, नव्या चामडी तळव्याच्या जोड्याने आपटलो. जोडा चांगला होता, अक्कल कमी होती. गुडघा तेव्हापासून बोलतो. दुसरं, अंगठ्याची चप्पलही नको, शिडी चढताना ती मागे राहते. टाचेला पट्टा हवा, आणि तो हाताने झटकन सुटणारा हवा. तांडेलाचं म्हणणं आम्ही विसरलेलो नाही. पुढचं बोट झाकलेलं असावं, कारण बोटीच्या दाराला उंच लोखंडी उंबरा असतो आणि म्हाताऱ्याचं बोट तो बरोबर शोधून काढतो. तळवा रबराचा, चिरांचा, काळे डाग न पाडणारा. रंग गडद, म्हणजे जेवणाच्या हॉलमध्ये कोणी भुवया उंचावणार नाही. काही बोटींवर रात्रीच्या जेवणाला पायताणाचेही नियम असतात म्हणे. पाहिलंत, ‘कुठे, कोणासमोर’ अजून संपलेलं नाही!

जोडा संध्याकाळी घ्यायचा, तेव्हा पाय सुजून थोडा मोठा झालेला असतो. सकाळी बेताचा बसलेला रात्री चावतो. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तर चावलेलंही कळत नाही, म्हणून रोज झोपताना तळपाय उजेडात पाहायचे, दिसत नसेल तर दुसऱ्याला पाहायला सांगायचे. आणि नवा जोडा बोटीवरच पहिल्यांदा घालायचा नाही. निदान दोन आठवडे घरात, मग बाजारापर्यंत, मग एखादा चढ. पूर्वी वहाणेला तेल पाजायचे, चार दिवस पाजून मग पायात. आताच्या जोड्याला तेल लागत नाही, वेळ लागतो.

परवा दुकानात गेलो होतो. विकणारा मुलगा विशीतला. आम्ही स्टुलावर बसलो. गुडघ्यामुळे वाकता येईना. तो सरळ खाली बसला, आमचं पाऊल मांडीवर घेतलं, मोजा काढला, अंगठ्याखालच्या हाडावर बोट ठेवून म्हणाला, “आजोबा, इथं तुमचं हाड बाहेर आलंय, रुंद घ्या, एक नंबर मोठा नको.” आम्ही नकळत पाय मागे घेतला. का घेतला? तो म्हणाला, “दुखलं का?” आम्ही म्हटलं, नाही रे, दुखलं नाही. आणि पाय पुन्हा पुढे केला. रुंद जोडाच घेतला. तोच आज घालून आलो आहोत, बाहेर तिसऱ्या ओळीत, राखाडी रंगाचा आहे.

वेळ होत आली. अंधार पडलाय आणि पायऱ्या ओल्या आहेत. घाई करू नका, एकमेकांचा हात धरून उतरा. वहाणा बदलल्या असतील तर खालच्या चहाच्या टपरीवर थांबा, आम्हीही तिथेच आहोत.